वॉरंटी संपलेल्या आलिशान गाडीचे इंजिन बसले आहे. दुरुस्त करावे, बदलावे की गाडीच काढून टाकावी?

सावकाश

माझ्या गाडीचे इंजिन गेल्या आठवड्यात बसले. गाडी ८ वर्षांची आहे, ९२,००० किलोमीटर चाललेली आहे, चार सिलिंडरचे टर्बो पेट्रोल इंजिन आहे आणि मी तिचा दुसरा मालक आहे. वाढीव वॉरंटी संपून १४ महिने झाले. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला भांडण नको, सल्ला हवा आहे.

घडले ते असे. चढावर असताना तेलाच्या झारीचे चित्र असलेला लाल दिवा लागला. कडेला थांबण्याजोगी जागा नव्हती, म्हणून मी पुढच्या रुंद वळणापर्यंत गाडी नेली. ते अंतर दीड किलोमीटरच्या आसपास असावे. तेवढ्यात आधी बारीक टकटक आणि मग कोणी आतून हातोडी मारावी तसा ठोका ऐकू येऊ लागला, आणि वळण गाठता गाठता इंजिन आपोआप बंद पडले. पुन्हा बटण दाबले तेव्हा स्टार्टरचा एक 'टक्' एवढाच आवाज आला.

सर्व्हिस सेंटरने गाडीला संगणक जोडला, अर्ध्या तासात "इंजिन जॅम, संपूर्ण बदलावे लागेल" असा शेरा मारला आणि अंदाजपत्रक हातात ठेवले. तो आकडा चालू स्थितीतल्या अशा गाडीला आज जी किंमत येईल तिच्या ६५ टक्के आहे. इंजिन नेमके कशाने गेले असे विचारल्यावर "वय झाले" हे उत्तर मिळाले. मी हा खर्च करावा, वापरलेले इंजिन शोधावे, जुनेच बांधून घ्यावे, की आहे त्या स्थितीत गाडी विकून मोकळे व्हावे? ज्यांनी हे भोगले आहे त्यांनी कृपया लिहावे.

दुसरा मालक

मनापासून सहानुभूती. महागड्या गाडीची गंमत अशी की आठ वर्षांत तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांना ही बातमी कोणी कळवत नाही. गाडी आपण जुनी म्हणून घेतो आणि इंजिन मात्र नव्या गाडीच्या भावाने घ्यावे लागते.

तेलकट बाही

मी इंजिने खोलण्या-बांधण्याचाच धंदा करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. इंजिन बसले हा निष्कर्ष तुमच्यापर्यंत आला आहे, तपासणी मात्र आलेली नाही. संगणक फार तर तेलाचा दाब पडल्याची नोंद दाखवतो. आतले बेअरिंग शिल्लक आहे की नाही हे त्याला दिसत नाही. तुमच्या वर्णनावरून बेअरिंगच गेले असावे असे मलाही वाटते, पण ६५ टक्के खर्चाचा निर्णय वाटण्यावर घेऊ नये.

पहिले म्हणजे पुढचा पट्टा काढून क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीचा बोल्ट लांब दांड्याच्या पान्याने हाताने फिरवून पाहायला सांगा. कधी कधी अल्टरनेटर किंवा एसीचा कॉम्प्रेसर जॅम झालेला असतो आणि दोष इंजिनावर येतो. मग स्पार्क प्लग काढून तोच प्रयत्न करा. एखाद्या सिलिंडरमध्ये कूलंट किंवा पेट्रोल साचले असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर उडते आणि इंजिन मोकळे होते. त्याच भोकातून छोटा कॅमेरा आत सोडून सिलिंडरच्या भिंतींवर ओरखडे आहेत का तेही पाहता येते.

यापेक्षा महत्त्वाचे काम म्हणजे तेलाचा फिल्टर. तो काढून त्याचा कागद ब्लेडने बुडाशी आणि माथ्याशी कापावा, घड्या उलगडून पांढऱ्या कपड्यावर पसराव्यात आणि उन्हात तिरपे धरून पाहावे. इंजिनाचा पंचनामा तिथे लिहिलेला असतो. मऊ, चंदेरी, चुंबकाला न चिकटणारी चकाकी असेल तर बेअरिंगचा वरचा थर किंवा ॲल्युमिनियम झिजते आहे. तांबूस कण दिसले तर वरचा थर संपून बेअरिंगचा आतला थर उघडा पडला आहे. चुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे, म्हणजे क्रँक, कॅम किंवा चेन यांचे. आणि काळ्या-तपकिरी प्लास्टिकच्या टिकल्या सापडल्या तर त्या टायमिंग चेनच्या मार्गिकेच्या, म्हणजे चेनला वाट दाखवणाऱ्या पट्टीच्या, असतात. त्या संपमधल्या (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातल्या) तेल शोषणाऱ्या जाळीवर जाऊन बसतात, तेलाची वाट अडवतात आणि लाल दिवा लागतो.

इंजिन गेले हे कळून भागत नाही, ते कशाने गेले हे कळायला हवे, कारण तेच कारण नव्या इंजिनाचीही वाट पाहत बसलेले असू शकते. फिल्टर फेकू देऊ नका. आजच फोन करा.

हिशेबनीस

तांत्रिक भाग जाणकारांनी सांगितला आहे, मी आकड्यांबद्दल लिहितो. "६५ टक्के खर्च म्हणजे गाडी गेली" असे बहुतेक लोक म्हणतील, पण तुलना चुकीच्या दोन गोष्टींची होते आहे. चालू गाडीची किंमत १०० धरा. दुरुस्ती ६५, म्हणजे दुरुस्तीनंतर तुमच्या हाती निव्वळ ३५ उरतात. आता आहे त्या स्थितीत गाडी विकली तर किती येतील? ते २५ असतील तर दुरुस्तीचा फायदा केवळ १० आहे आणि त्या १० साठी तुम्ही दोन महिन्यांची वाट आणि दुसऱ्या बिघाडाची जोखीम पत्करता. ते ५ असतील तर फायदा ३० आहे आणि चित्र पालटते. म्हणून बंद गाडीला निदान तीन ठिकाणी लेखी किंमत मागा. हा आकडा कोणी विचारत नाही, आणि सगळा निर्णय त्याच्यावर टेकलेला असतो.

गाडी विकत घेताना काय दिले होते, गेल्या वर्षी टायर आणि सस्पेन्शनवर किती घातले, हे या हिशेबात कुठेच येत नाही. ते पैसे गेले. आता दुरुस्ती केली म्हणून ते परत येणार नाहीत आणि नाही केली म्हणून आणखी जाणार नाहीत.

दुसरा मालक

हिशेबनीस यांचे म्हणणे बरोबर आहे, फक्त ते रात्री अकरा वाजता पटत नाही.

मोकळा श्वास

माझे मत सरळ विकण्याच्या बाजूचे आहे. माझ्या आठ सिलिंडरच्या गाडीचे इंजिन १,१०,००० किलोमीटरला गेले, मी हौसेने बदलून घेतले, आणि पुढच्या वर्षभरात गिअरबॉक्सचा नियंत्रक, एअर सस्पेन्शनचा कॉम्प्रेसर आणि टर्बोची पाण्याची नळी असे तीन खर्च आले. त्यातला एकही इंजिनाच्या आतला नव्हता. इंजिन नवे झाले तरी त्याच्याभोवतीची गाडी नवी होत नाही, आणि भक्कम नव्या इंजिनाला जुने रबर आणि प्लास्टिक किती दिवस साथ देणार? इतका खर्च केला म्हणून गाडी विकवेना, आणि विकवेना म्हणून खर्च होतच राहिला. शेवटी जिने मला विकत घेतले होते तिला मी विकले.

तेलकट बाही

मोकळा श्वास यांचा अनुभव खरा आहे, पण आठ सिलिंडर आणि एअर सस्पेन्शन असलेल्या गाडीची मोजपट्टी चार सिलिंडरच्या गाडीला लावू नये. दोन्ही आलिशान म्हणून विकल्या जातात. दुरुस्तीच्या टेबलावर मात्र त्यांची जात वेगळी असते.

परतवारी

वापरलेल्या इंजिनाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो, कारण मी तोच मार्ग घेतला होता आणि तो मला दोनदा घ्यावा लागला.

माझे इंजिन बेअरिंगमुळेच गेले. सर्व्हिस सेंटरच्या अंदाजाच्या निम्म्याहून कमी खर्चात अपघातग्रस्त गाडीतले इंजिन मिळाले. मी समजून उमजून घेतले होते: त्या गाडीची सर्व्हिसची नोंद पाहिली, इंजिन क्रमांक कागदाशी ताडून पाहिला, चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घेतले आणि त्यांत १० टक्क्यांहून कमी फरक होता. बसवले, गाडी झकास चालली. ४,००० किलोमीटरनंतर तोच लाल दिवा, तोच ठोका.

दुसऱ्यांदा इंजिन उतरवल्यावर मिस्त्रींनी जुना ऑइल कूलर, म्हणजे इंजिनाचे तेल थंड करणारा भाग, आरीने कापून मला दाखवला. आतल्या अरुंद पदरांमध्ये पहिल्या इंजिनाची चंदेरी भुकटी थापल्यासारखी बसली होती. पहिले बेअरिंग झिजत असताना ती तेलाबरोबर तिथे गेली, तिथेच थांबली, आणि नवे इंजिन सुरू झाल्यावर थोडी थोडी सुटत त्याच्या बेअरिंगांत उतरली. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही शतांशांएवढी असते. तिथे भुकटीला जागा नाही. मी इंजिन बदलले होते, ज्याने नवे इंजिन मारले ते मात्र जागेवरच ठेवले होते.

म्हणून इंजिन कुठलेही घ्या, ऑइल कूलर, टर्बोला तेल नेणाऱ्या-आणणाऱ्या नळ्या आणि स्वतः टर्बो यांचा विचार त्याच अंदाजपत्रकात करा.

सावकाश

सर्वांचे आभार. फोन केला. फिल्टर कचऱ्याच्या पिंपात गेला होता, पण पिंप रिकामे झाले नव्हते. उद्या जाऊन माझ्यासमोर तो कापून घेणार आहे. सल्लागार म्हणाले की असे आजवर कोणी मागितले नव्हते.

तेलकट बाही

कोणीच मागत नाही, म्हणून तर "वय झाले" हे उत्तर चालून जाते.

मसुदा

तपासणी होईपर्यंत एक काम समांतर सुरू करा. वॉरंटी संपली म्हणजे कंपनीची जबाबदारी कागदोपत्री संपते, पण अनेक उत्पादक कंपन्या सद्भावना म्हणून खर्चाचा काही वाटा उचलतात. हा हक्क नव्हे. तो त्यांच्या मर्जीचा भाग असतो, आणि मर्जी कागदपत्रे पाहून बनते. अर्ज सर्व्हिस सेंटरकडे न करता थेट उत्पादकाच्या ग्राहक विभागाकडे करावा, कारण सर्व्हिस सेंटर हा वेगळा व्यवसाय असतो आणि पूर्ण बिल मिळण्यात त्याचे हित असते. काही ठिकाणी मात्र सर्व्हिस सेंटरनेच पुढे शिफारस करायची पद्धत असते, म्हणून त्यांच्याशी संबंध तोडू नयेत.

पत्र एका पानाचे असावे. गाडीचा चासी क्रमांक, किलोमीटर, सर्व्हिसच्या तारखा आणि पावत्या, काय घडले, तपासणीत काय सापडले, आणि तुम्हाला नेमके काय हवे आहे, इतकेच. "तुमच्यासारख्या नामांकित कंपनीकडून ही अपेक्षा नव्हती" हे वाक्य वगळावे. ते वाचणाऱ्याने सकाळपासून वीस वेळा वाचलेले असते. त्यापेक्षा "या प्रकारचे इंजिन याहून दुप्पट तरी चालावे अशी रास्त अपेक्षा असते आणि सापडलेला दोष देखभालीच्या अभावाचा दिसत नाही" हे वजनदार आहे. त्याच इंजिनासाठी कंपनीने आपल्या कारागिरांकरता तांत्रिक सूचना काढली असेल तर तिचा क्रमांक जोडा.

निकामी भाग तुमच्या ताब्यात ठेवा. नव्या इंजिनाच्या किमतीत अनेकदा जुने इंजिन परत करण्याची अट असते, त्यामुळे ते जाण्याआधी फोटो काढून घ्या आणि वाद होण्याची शक्यता असेल तर स्वतंत्र तज्ज्ञाला दाखवून लेखी अहवाल घ्या. इंजिन खोलण्याची मजुरी कोण देणार आणि किती, हे पान्याला हात लावण्याआधी लिहून घ्या.

सावकाश

मसुदा, एक अडचण आहे. मी लाल दिवा लागल्यावर दीड किलोमीटर गाडी चालवली. हे पत्रात लिहावे का?

मोकळा श्वास

मुळीच लिहू नका. स्वतःच्या हाताने त्यांना निमित्त का द्यायचे?

मसुदा

लिहावे, आणि याला नैतिकतेपेक्षा व्यावहारिक कारण मोठे आहे. दोषाची नोंद होते तेव्हा गाडीचा संगणक त्या क्षणीचे किलोमीटर, इंजिनाचे फेरे आणि तापमान जपून ठेवतो. इंजिन बंद पडले तेव्हाचे किलोमीटर समोर दिसतातच. वजाबाकी त्यांना येते. तुम्ही लपवलेली गोष्ट त्यांना सापडली तर बाकीचे सगळे पत्र खोटे ठरते. "थांबण्यास सुरक्षित जागा नव्हती म्हणून पुढच्या जागेपर्यंत नेली" हे सत्यही आहे आणि समजण्यासारखेही.

तेलकट बाही

मसुदा यांच्याशी सहमत. शिवाय लाल दिव्यानंतर इंजिन मेले हे खरे असले तरी दिवा का लागला हा प्रश्न उरतोच, आणि तो दीड किलोमीटरच्या आधीचा आहे. इतर वाचकांसाठी मात्र ठासून सांगतो: पिवळा दिवा तेलाच्या पातळीचा असतो आणि त्यात थोडा वेळ हाताशी असतो, लाल दिवा दाबाचा असतो आणि तो लागल्यावर काही सेकंदांत इंजिन बंद करावे. पातळी पूर्ण असूनही दाब शून्य होऊ शकतो.

चौथा गिअर

हे सगळे तेल वेळेवर न बदलल्यामुळे होते. मी दर ८,००० किलोमीटरला बदलतो आणि माझी गाडी २,४०,००० किलोमीटर चालली आहे.

सावकाश

चौथा गिअर, मी कंपनीच्या पुस्तकात दिलेले अंतर एकदाही चुकवलेले नाही. पहिल्या मालकाच्याही सगळ्या पावत्या आहेत.

चौथा गिअर

पुस्तकातले अंतर हाच तर दोष आहे. काही युरोपीय कंपन्यांनी ३०,००० किलोमीटर किंवा २ वर्षे असे अंतर दिले, कारण देखभालीचा खर्च कमी दिसला की गाडी खपते. ते अंतर पहिल्या मालकाला सोयीचे असते. टर्बोच्या उष्णतेने जळलेले तेल चेनच्या ताणकात आणि पिस्टनच्या रिंगांमध्ये जे करते ते दुसऱ्या मालकाच्या काळात दिसते.

इतिहासवाचक

चौथा गिअर यांचे म्हणणे अर्धे मान्य, कारण सगळे बिघाड तेलाचे नसतात आणि आलिशान गाड्यांचा इतिहास त्याला साक्ष आहे. १९९० च्या दशकात बीएमडब्ल्यू आणि जॅग्वार यांच्या काही आठ सिलिंडर इंजिनांत सिलिंडरला निकासिल नावाचा कठीण लेप होता. इंधनात गंधक जास्त असलेल्या भागांत तो झडू लागला आणि कॉम्प्रेशन गळू लागले. त्यात मालकाने तेल कितीही बदलले तरी उपयोग नव्हता. पोर्शच्या पाण्याने थंड होणाऱ्या एम ९६ इंजिनातले मधल्या शाफ्टचे एक छोटे बेअरिंग तुटले की सगळे इंजिन जात असे. अमेरिकेतल्या सामूहिक दाव्यात २०१३ मध्ये तडजोड झाली आणि तीत २००१ ते २००५ दरम्यानच्या गाड्या आल्या. मर्सिडीजच्या एम २७२ या सहा सिलिंडर इंजिनात बॅलन्स शाफ्टचे (थरथर कमी करणाऱ्या दांड्याचे) दाते अकाली झिजत, आणि तो दातेरी भाग बदलायला इंजिन उतरवावे लागे. बीएमडब्ल्यूच्या एन ४७ डिझेलमध्ये तर टायमिंग चेनच इंजिनाच्या मागच्या अंगाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. चेनचा आवाज येऊ लागला की भाग लहान आणि मजुरी मोठी, असा प्रकार.

सांगायचे एवढेच की प्रत्येक इंजिनाची स्वतःची एक दुखरी जागा असते आणि ती त्या इंजिनाच्या सांकेतिक नावाने शोधली तर सापडते. गाडीच्या मॉडेलच्या नावाने शोधू नये, कारण एकाच मॉडेलमध्ये चार वेगळी इंजिने असू शकतात.

दुसरा मालक

हे वाचून माझ्या लक्षात आले की गाडी घेताना मी आसनांच्या चामड्याचा रंग तीन दिवस निवडत होतो आणि इंजिनाचे सांकेतिक नाव मला आजही माहीत नाही.

चौथा गिअर

इतिहासवाचक, उदाहरणे मान्य. तरी मी ८,००० वर ठाम आहे. आणि ज्या गाड्यांना तेल मोजायची पट्टीच दिलेली नाही, पडद्यावर आकडा पाहून समाधान मानावे लागते, त्यांच्याबद्दल वेगळे लिहायला हवे. १,००० किलोमीटरला अर्धा लिटर तेल खाल्ले तरी ते सामान्य आहे, असे मला तोंडावर सांगण्यात आले आहे.

सावकाश

आज फिल्टर कापला. चंदेरी चकाकी इतकी होती की कपडा हलवला की लुकलुकत होती. तांबूस कणही आहेत. आणि तेलकट बाही, तुम्ही लिहिल्याप्रमाणे काळ्या-तपकिरी टिकल्याही निघाल्या. नखाएवढी एक आणि बाकी तांदळाच्या कण्यांएवढ्या. त्यानंतर त्यांनी स्वतःहून संप उतरवला. शोषणाऱ्या जाळीचा पाऊण भाग तशाच तुकड्यांनी बुजला होता. कनेक्टिंग रॉडचे तिसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग क्रँकभोवती गुंडाळले गेले आहे आणि क्रँक तिथे निळा पडला आहे. सगळ्याचे फोटो घेतले आहेत. "वय झाले" हा शब्दप्रयोग आज कोणी केला नाही.

तेलकट बाही

मग कारण सापडले. मार्गिका तुटली, तुकड्यांनी जाळी बुजली, तेल कमी पडले, बेअरिंग गेले. हे ऐकायला वाईट आहे, पण तुमच्या पत्रासाठी याहून चांगली गोष्ट नाही, कारण प्लास्टिकची मार्गिका हा सर्व्हिसमध्ये बदलायचा भाग नसतो.

जुने इंजिन बांधून घेण्याचा पर्याय आता माझ्या मते संपला. क्रँक निळा पडला म्हणजे त्याच्या पृष्ठभागाचा कठीणपणा गेला. तो घासून बारीक करावा तर त्या मापाची बेअरिंगे आजच्या बहुतेक इंजिनांसाठी कंपनी देत नाही. रॉडही अलीकडे एकसंध बनवून मग तडकावून दोन भाग केलेले असतात, त्यांची जोडणी त्या तडकलेल्या दातऱ्यांवरच बसते, त्यामुळे तोंड घासून माप परत आणता येत नाही. जुन्या काळी जे लेथवर होई ते इथे होत नाही. इंजिन बांधणे म्हणजे नवा क्रँक, नवे रॉड, नवे बोल्ट, आणि तो खर्च तयार इंजिनाच्या जवळ जातो.

काठावर

विम्यातून काही मिळणार नाही का?

मसुदा

साधारणपणे नाही. नेहमीचा विमा अपघाताचा असतो आणि यांत्रिक बिघाड त्यातून वगळलेला असतो. पुराचे पाणी आत जाऊन इंजिन गेले असते तर वेगळ्या कलमाखाली बोलता आले असते.

सावकाश

पाच आठवड्यांनंतर लिहितो आहे, विलंबाबद्दल क्षमस्व. मसुदा यांच्या सांगण्याप्रमाणे एका पानाचे पत्र, फोटो आणि सर्व पावत्या पाठवल्या. दीड किलोमीटरचा उल्लेख केला. पहिले उत्तर नकाराचे आले, "वॉरंटी कालावधी संपला आहे" एवढेच. त्याला मी फक्त एका ओळीचे उत्तर दिले की कालावधी संपला हे मी पत्राच्या पहिल्याच वाक्यात लिहिले आहे आणि माझा प्रश्न त्यापुढचा आहे. दहा दिवसांनी फोन आला. सुट्या भागांच्या खर्चाचा ४० टक्के वाटा कंपनी उचलेल, मजुरी माझी, आणि काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करावे लागेल. नव्या इंजिनाला २ वर्षांची हमी आहे.

बंद गाडीला तीन ठिकाणी किंमत मागितली होती. सर्वांत चांगली २७ आली, हिशेबनीस यांच्या मापात.

हिशेबनीस

तुमच्या ६५ मध्ये भाग किती आणि मजुरी किती?

सावकाश

भाग ४८, मजुरी १७.

हिशेबनीस

४८ चे ४० टक्के म्हणजे १९. तुमचा खर्च ४६ वर आला आणि दुरुस्तीनंतर निव्वळ ५४ हाती राहतात. विकली तर २७. फरक २७ चा आहे, मूळच्या अंदाजाने तो केवळ ८ चा राहिला असता. मी दुरुस्ती केली असती. मोकळा श्वास यांचे म्हणणे विसरू नका आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या एका खर्चासाठी यातले १० बाजूला ठेवा.

मोकळा श्वास

या आकड्यांवर मीही दुरुस्तीच केली असती. मला ४० टक्के मागता येतात हेच माहीत नव्हते.

सावकाश

काम सुरू करायला सांगितले आहे. पहिले तेल १,५०० किलोमीटरला बदलायचे असे मी स्वतःच ठरवले आहे आणि त्यापुढे चौथा गिअर यांचा नियम.

चौथा गिअर

धाग्याचे सार्थक झाले.

परतवारी

सावकाश, अभिनंदन. एकच विचारतो. भागांच्या यादीत ऑइल कूलर आहे ना?

सावकाश

यादी पुन्हा पाहिली. टर्बो आहे, त्याच्या तेलाच्या दोन्ही नळ्या आहेत, तेलपंप आणि संप नवे आहेत. कूलर नाही. विचारल्यावर सांगण्यात आले की तो धुऊन पुन्हा बसवतात.

तेलकट बाही

धुण्याने ते निघत नाही. आतले पदर इतके अरुंद असतात की द्रावण एका वाटेने जाते आणि भुकटी दुसऱ्या वाटेत राहते. बसवला असेल तर काढायला सांगा, आणि इंजिन एकदाही सुरू करू देऊ नका.

सावकाश

आत्ता बोलून आलो. कूलर काल बसवून झाला होता. इंजिन अजून सुरू केलेले नाही. माझ्यासमोर काढला. नवा यायला आणखी ११ दिवस लागतील आणि त्याचा खर्च पूर्ण माझा, कारण तो मंजूर झालेल्या यादीत नाही. जुना मी पिशवीत घालून घरी आणला आहे. रविवारी आरी घेऊन बसणार आहे, फोटो टाकतो.